रिचर्ड ओवेन्सच्या मागावर : लिव्हरपूल ते पुल्हेली

पहिला दिवस, बुधवार

लाइम स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. भाची न्यायला आली होती. "मावशी, आधी घरी चल, आंघोळ कर, जेव," असं ती म्हणत होती, पण मला आधी डेल स्ट्रीटवरची एक इमारत पाहायची होती. स्टेशनापासून ती चालत दहा मिनिटांवर आहे. बॅग ओढत आम्ही तिकडे गेलो.

इमारतीचं नाव वेस्टमिन्स्टर चेंबर्स. डेल स्ट्रीट आणि क्रॉसहॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, १८८० साली बांधलेली, गॉथिक धाटणीची. तिच्या समोरून रोज हजारो माणसं जातात. आम्ही उभ्या होतो तेवढ्या वेळात मात्र कोणी मान वर करून पाहिलं नाही. ती बांधणाऱ्या वास्तुविशारदाचं नाव रिचर्ड ओवेन्स. मी इतक्या लांब आले ती या माणसासाठी.

माझं सगळं नोकरीचं आयुष्य साताऱ्यात एका छोट्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढण्यात गेलं. घरं, शाळा, दोन-तीन देवळांचे सभामंडप. काही वर्षांपूर्वी मेघालयात सोहराला, म्हणजे आपल्या चेरापुंजीला गेले होते. तिथे नॉन्गसावलियाचं चर्च पाहिलं आणि कळलं की खासी डोंगरांत आलेले हे मिशनरी इंग्रज नव्हते, वेल्श होते. टॉमस जोन्स १८४१च्या जूनमध्ये सोहराला पोहोचला. खासी भाषा त्याने रोमन लिपीत बसवली आणि स्पेलिंगची रीत आपल्या वेल्शवरून घेतली. लोकांना सुतारकामही शिकवलं. त्याला पाठवणारी संस्था १८४० साली लिव्हरपूलमध्ये स्थापन झाली होती. वेल्श लोकांची संस्था इंग्लंडमधल्या शहरात का, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. त्याचं उत्तर शोधता शोधता मी ओवेन्सपर्यंत आले.

उत्तर तसं सोपं आहे. उत्तर वेल्सच्या माणसाला पोटासाठी जायचं सर्वांत जवळचं मोठं शहर म्हणजे लिव्हरपूल. आपल्याकडे कोकणातला माणूस मुंबईला जायचा, तसंच. १८१३ साली लिव्हरपूलमधला साधारण दहातला एक माणूस वेल्श होता, असं सांगतात. पुढे घरबांधणीचा धंदा मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हाती गेला. बिल्डर वेल्श, लाकडाचे व्यापारी वेल्श, गवंडी-सुतार वेल्श. राष्ट्रीय आइस्टेडफॉड हे त्यांचं कविता-संगीताचं संमेलन वेल्सबाहेरच्या या शहरात १८८४, १९०० आणि १९२९ असं तीनदा भरलं.

ओवेन्सचा जन्म १८३१चा, उत्तर वेल्समधल्या पुल्हेलीजवळच्या फोर क्रॉसेस या गावातला. तरुणपणी तो लिव्हरपूलला आला आणि एव्हर्टन भागात राहून काम शिकला. त्याला मिळालेलं पहिलं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, फिट्झक्लॅरेन्स स्ट्रीटवरचं, आपल्याच पंथाच्या वेल्श लोकांसाठीचं. त्यानंतर १८९१ साली साठाव्या वर्षी वारेपर्यंत त्याने दोनशेहून अधिक चॅपल्सचं काम केलं, बहुतेक उत्तर वेल्समध्ये. त्याच हाताने लिव्हरपूलमधल्या हजारो साध्या घरांची आखणीही केली. फिट्झक्लॅरेन्स स्ट्रीटचं चॅपल आज उभं नाही.

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागात गेले, वेल्श स्ट्रीट्सला. गल्ल्यांची नावंच सगळं सांगतात : रूलस, वोएलस, ग्वीदिर, पेंगवर्न, ट्रेबोर्थ, मॅड्रिन. वेल्समधली गावं, वाडे, जमीनदारांची ठाणी. १८७०च्या दशकात लाकडाचा व्यापारी डेव्हिड रॉबर्ट्स याच्या कंपनीने ही घरं बांधली आणि आखणी ओवेन्सची. फूटपाथला लागूनच दार, घराला घर चिकटलेलं, विटांच्या भिंती, वर स्लेटची छपरं.

मी वोएलस स्ट्रीटवर बराच वेळ थांबले. चाळीत वाढलेल्या माणसाला अशी गल्ली कळते. एका ओळीत पन्नास घरं बसवायची, प्रत्येकाला उजेड द्यायचा, प्रत्येक चुलीचा धूर बाहेर काढायचा आणि भाडं मजुराला परवडेल एवढंच ठेवायचं. हे काम कागदावर सोपं दिसतं, पण मी केलंय, म्हणून सांगते, अवघड आहे. मोठ्या बंगल्यात चूक झाकता येते. बारा फुटी घरात जिन्याची एक पायरी चुकली तर पुढची शंभर वर्षं माणसं ठेचकाळतात.

मॅड्रिन स्ट्रीटच्या ९ नंबरच्या घरात १९४० साली बीटल्सचा रिंगो स्टार जन्मला. त्यामुळे फोटो काढणारे तिथे असतातच. या गल्ल्या पाडायचं ठरलं होतं. बहुतेक घरं रिकामी करून खिडक्यांना पत्रे ठोकलेले होते. रहिवासी आणि वारसा जपणारे लोक वर्षानुवर्षं लढले आणि २०१५ साली सरकारच्या मंत्र्यांनी पाडापाडीचा प्रस्ताव फेटाळला. मग वोएलस स्ट्रीटपासून दुरुस्ती सुरू झाली. आता दारांना रंग आहेत, खिडक्यांत कुंड्या आहेत. एका दारापुढे लहान मुलाची तीनचाकी सायकल होती.

तिथून प्रिन्सेस रोडवर गेले. तिथलं वेल्श चॅपल १८६०च्या दशकात ऑड्सली बंधूंनी बांधलं. २०० फुटी मनोरा. लोक त्याला वेल्श कॅथीड्रल म्हणायचे. १९८२पासून बंद, आणि छप्पर कोसळून वर्षं लोटली. याच ऑड्सलींनी त्याच रस्त्यावर ज्यूंचं सिनेगॉगही बांधलं, ते आजही झळाळतं आहे. बंदराच्या पैशावर तेव्हा प्रत्येक समाज आपापलं प्रार्थनाघर उभं करत होता आणि पलीकडच्यापेक्षा उंच करू पाहत होता.

श्रीमंत झालेल्या वेल्श लोकांनी सर्वांत मोठं काम आपल्या ओवेन्सला न देता ऑड्सलींना दिलं, हे वाचून मला आधी वाईट वाटलं होतं. तिथे उभी राहिल्यावर वाटलं, ते मनोऱ्याचं काम ओवेन्सचं नव्हतंच. त्याचं काम वेगळ्या जातीचं आहे. ते रविवारी नीट कळलं.

तिसरा दिवस, शुक्रवार

लाइम स्ट्रीटच्या भुयारी फलाटावरून चेस्टरची गाडी धरली. मर्सी नदीच्या खालून ती पलीकडे जाते. चेस्टरला गाडी बदलून रिल, आणि तिथून बसने डेन्बी. डेन्बीची रेल्वे १९६०च्या दशकात बंद झाली.

'मेथडिस्ट' हा शब्द मुंबईकरांना कुलाब्याच्या बोवेन चर्चमुळे ठाऊक असेल. पण वेल्समधले मेथडिस्ट दोन प्रकारचे. एक इंग्लंडच्या जॉन वेस्लीचे अनुयायी. दुसरे वेल्समध्येच १७३५च्या सुमारास हॉवेल हॅरिस आणि डॅनियल रोलंड यांच्या प्रवचनांतून उठलेले. या दुसऱ्यांची विचारसरणी कॅल्व्हिन या धर्मसुधारकाची, म्हणून ते कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट. १८११ साली त्यांनी आपले धर्मोपदेशक आपणच नेमले आणि सरकारी चर्चपासून वेगळे झाले. आज त्यांना वेल्सचं प्रेस्बिटेरियन चर्च म्हणतात. ओवेन्स यांच्यातला.

डेन्बीत त्यांचं मोठं चॅपल आहे, नावच मुळी कापेल माउर, म्हणजे मोठं चॅपल. इमारत १८२९ची. १८८० साली ओवेन्सने तिला नवं दर्शनी तोंड दिलं. अशी कामं त्याच्याकडे पुष्कळ आली. गाव वाढतं, जुनं चॅपल अपुरं पडतं, मग कधी गॅलरी वाढवायची, कधी पुढची भिंत नवी करायची, कधी सगळं उतरवून पुन्हा बांधायचं. वेल्समधल्या कितीतरी चॅपल्सच्या माथ्यावर दगडी पाटी असते आणि तिच्यावर तीन-तीन सालं कोरलेली असतात : बांधलं, वाढवलं, पुन्हा बांधलं. त्यामुळे त्या पाट्या वाचत गेलं की गावाची लोकसंख्या कशी फुगत गेली ते कळतं. खाणकामगारांच्या, शेतमजुरांच्या वर्गणीतून हे सगळं उभं राहिलं आणि कर्ज फिटायला वीस-वीस वर्षं लागली.

याच गावात टॉमस गी राहायचा. मुद्रक, वर्तमानपत्राचा मालक आणि याच पंथाचा प्रवचनकारही. त्याने वेल्श भाषेत दहा खंडांचा ज्ञानकोश छापला. आपल्याकडे केतकरांनी ज्ञानकोशासाठी जो ध्यास घेतला, तो त्यांच्या सहा दशकं आधी या डोंगरातल्या छोट्या गावात कुणीतरी घेतला होता. मला तिथल्या किल्ल्यापेक्षा हेच मोठं वाटलं. किल्ला मी खालूनच पाहिला.

परतीची बस आलीच नाही. पुढची दीड तासाने. थांब्यावर एक आजोबा होते. मी कापेल माउर पाहायला आले हे ऐकून ते म्हणाले, "माझ्या आजीच्या बाकाचा नंबर अजून पाठ आहे मला." नंबर त्यांनी वेल्शमध्ये सांगितला आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत.

चौथा दिवस, शनिवार

लॅनडडनो जंक्शनवरून कॉन्वी खोऱ्यातली छोटी गाडी. उजवीकडे नदी, डावीकडे गवताळ उतार आणि मेंढ्या. लॅनरूस्टला उतरले.

इथलं सेयॉन चॅपल ओवेन्सचं, १८८१ ते १८८३मधलं. एवढ्याशा बाजारगावाला एवढी मोठी वास्तू कशी, हा पहिला प्रश्न पडतो. दार बंद होतं. मी चारही बाजूंनी फिरले, आणि तसं फिरणं बरंच झालं. वेल्श चॅपल पुढून आणि बाजूने अशा दोन वेगवेगळ्या इमारती असतात. पुढचं तोंड घडीव, रस्त्याला शोभेल असं. बाजूला गेलं की साधं काम. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे याचा हिशेब दगडात दिसतो. कुणी याला दिखाऊपणा म्हणतं. मला तसं वाटत नाही. सणाला एकच चांगली साडी असली तर ती बाई नीट नेसते, तशातलं ते आहे.

दुपारी नदीपलीकडे ग्वीदिरच्या वाड्याकडे चालत गेले. वाटेत १६३६चा तीन कमानींचा दगडी पूल लागतो. 'ग्वीदिर' ही पाटी गुरुवारी टॉक्सटेथच्या एका गल्लीच्या कोपऱ्यावर वाचली होती. इथे त्याच नावाचा वाडा, बाग, मोर. घर सोडून आलेल्या माणसांनी गल्लीला आपल्याकडची नावं दिली, त्यांतलं एक नाव मूळ जागी भेटलं.

पाचवा दिवस, रविवार

माझ्या खोलीच्या मालकीणबाईंनी मला जवळच्या एका खेड्यातल्या चॅपलमध्ये सकाळच्या प्रार्थनेला नेलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे आता फार थोडी माणसं उरली आहेत आणि त्यांनी मला घरच्यासारखं बसवून घेतलं. हे चॅपल ओवेन्सचं नाही, त्याच काळातलं, त्याच पठडीतलं. पण इतके दिवस बाहेरून पाहत होते, ते इथे आतून कळलं.

आत गेलं की समोर वेदी नसते. मूर्ती नाही, क्रूस नाही, मेणबत्त्या नाहीत. समोरच्या भिंतीच्या मध्यावर उंच व्यासपीठ, तिथून प्रवचन. त्याच्या पायाशी अर्धगोल कठड्यातलं बाक, त्याला सेट व्हाउर म्हणजे मोठं आसन म्हणतात. तिथे मंडळीतले वडीलधारे लोकांकडे तोंड करून बसतात. तिन्ही बाजूंना गॅलरी, खाली ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब. बाकं पिवळसर-लाल पाइन लाकडाची, दीडशे वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. बाकाच्या टोकाला छत्री अडकवायची लोखंडी कडी आणि खाली पाणी निथळायला छोटं ताट. त्या सुताराला पाऊस माहीत होता! गॅलरीच्या कठड्यावर घड्याळ, आणि त्याचं तोंड लोकांकडे नाही, व्यासपीठाकडे.

ही सगळी खोली ऐकण्यासाठी बांधलेली आहे. व्यासपीठाची उंची गॅलरीच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून. खांब सडपातळ, कोणाच्या नजरेआड काही येऊ नये म्हणून. लाकूड सगळीकडे, आवाज घुमून फाटू नये म्हणून. मला एकदम आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप आठवला. आम्ही पोरं गाभाऱ्यात दोन मिनिटं डोकावायचो आणि कीर्तनाला सभामंडपात तासन्‌तास बसायचो. या लोकांनी गाभारा काढून टाकला आणि नुसता सभामंडप ठेवला. देव शब्दात आहे म्हटल्यावर शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवणं हेच वास्तुविशारदाचं काम उरतं. ओवेन्सने हे काम दोनशेहून जास्त वेळा केलं. प्रिन्सेस रोडच्या मनोऱ्याने ते झालं नसतं.

आणि हे शब्द वेल्श होते. शाळेत, कचेरीत, कोर्टात इंग्रजी. आठवड्यातून एकदा हजार माणसं एकत्र बसून आपल्या भाषेत कठीण विषयावर दोन तास भाषण ऐकतात, रविवारच्या शाळेत मोठी माणसंही वाचायला शिकतात, चार सुरांत गातात. पॅन्टिकेलिनच्या विल्यम विल्यम्सची पदं त्यांना आपल्या अभंगांसारखी पाठ. अॅन ग्रिफिथ्स नावाची शेतकऱ्याची मुलगी १८०५ साली एकोणतिशीत वारली. तिची पदं तिच्या घरातल्या रूथ नावाच्या कामकरी मुलीला तोंडपाठ होती. रूथने ती आपल्या नवऱ्याला सांगितली, त्याने लिहून घेतली, म्हणून ती उरली. आमच्या बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने टिपल्या नसत्या तर आम्हाला कुठून मिळाल्या असत्या, हे मी मालकीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. तरी गाणं सुरू झालं तेव्हा चार सूर वेगळे ऐकू आले. एक शब्द कळत नव्हता, आणि मी रडले.

नंतर मागच्या खोलीत चहा आणि लोणी लावलेला बाराब्रीथ, म्हणजे मनुका घातलेला त्यांचा पाव. भिंतीवर जुने फोटो. एका फोटोत टोप्या घातलेल्या बायकांच्या रांगा आणि खाली 'कासिया' असा शब्द. खासी डोंगर! या खेड्यातून पेनी-पेनी गोळा होऊन सोहराला जात होती. मी तिथे गेले आहे, नॉन्गसावलियाच्या अंगणात उभी राहिले आहे, हे सांगितल्यावर बाकीच्या दहाही जणांनी आपापल्या खुर्च्या माझ्याजवळ ओढल्या. आज खासी-जैंतिया भागात प्रेस्बिटेरियन मंडळी भरभरून आहेत, रविवारी चर्चमध्ये जागा मिळत नाही, असं मी जे पाहिलं ते सांगितलं. एका आजींनी विचारलं, "अजून चार सुरांत गातात?" मी म्हटलं, "हो, गातात." त्यांनी डोळे मिटले.

इमारतीचं पुढे काय, ते त्यांनी जेवताना सांगितलं. छपराच्या दुरुस्तीचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. वेल्समध्ये कितीतरी चॅपल्स विकली गेली, कुठे सदनिका झाल्या, कुठे गोदाम. मला याचा राग येतो. किल्ल्यांना जपायला पैसा निघतो. त्यांतले मोठमोठे किल्ले तर वेल्श लोकांना दाबायला इंग्लंडच्या राजांनी बांधलेले. त्याच लोकांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या खोलीला मात्र कौल बदलायला पैसा निघत नाही.

सहावा दिवस, सोमवार

लॅनरूस्टहून गाडी पुढे ब्लायनाय फेस्टिनियोगला जाते. शेवटी साडेतीन किलोमीटरचा बोगदा, आणि बाहेर आलं की डोंगरच्या डोंगर फुटक्या स्लेटचे. पावसात सगळं निळसर-काळं चमकत होतं. टॉक्सटेथची छपरं अशाच खाणींतून निघाली. इथल्या कामगारांची जेवायची खोपटी असायची, तिथे जेवणाच्या सुट्टीत वादविवाद आणि कवितांच्या स्पर्धा चालायच्या. रविवारी हीच माणसं चॅपलमध्ये.

तिथून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने पोर्थमॅडॉगला उतरले. हा मार्ग १८३६ साली स्लेट बंदरात न्यायला घातला. भरलेले डबे उताराने आपोआप खाली जायचे, रिकामे डबे घोडे वर ओढायचे. मग समुद्रकाठची गाडी, शेवटचं स्टेशन पुल्हेली. मुक्काम तिथेच.

सातवा दिवस, मंगळवार

सकाळच्या बसने फोर क्रॉसेसला. वेल्शमध्ये त्याला आता अ फोर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चौफुला. रस्ते एकमेकांना छेदतात, भोवती थोडी घरं, शेतं, कुंपणाला हिरवी झुडपं, उत्तरेला अर आइव्हलचे तीन सुळके. ओवेन्स इथून निघाला. पुतळा-बितळा शोधायला मी आलेच नव्हते. फाट्यावर उभं राहून कोणता रस्ता लिव्हरपूलकडे जातो तेवढं पाहायचं होतं. कायर्नारव्हॉनची पाटी होती, ती दिशा तीच.

वहीत एक छोटा नकाशा काढला : फाटा, चार रस्ते, उत्तरेचा बाण. पेन्सिल पावसाने पुसट झाली.

परत जायच्या बसला वेळ होता. थांब्यावर एक शेतकरी उभे होते, सोबत कुत्रा. कुठून आलात, कशासाठी आलात, सगळं झालं. ओवेन्सचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. मी लिव्हरपूलच्या गल्ल्यांची नावं सांगत गेले. वोएलस, ग्वीदिर... ते नुसते ऐकत होते. मॅड्रिन म्हटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"मॅड्रिन?" ते म्हणाले. "मॅड्रिन तर आमचं. बस पुल्हेलीकडे उतरायला लागली की उजव्या बाजूला बसा. पश्चिमेला टोपीसारखा डोंगर दिसेल, तो कार्न मॅड्रिन. त्याच्या पायथ्याला मॅड्रिनचा वाडा होता. अर्जेंटिनात एक बंदर आहे, तेही त्याच नावाचं. आमची माणसं १८६५ साली लिव्हरपूलहून जहाजात बसून तिकडे गेली."

बस आली. मी उजवीकडची खिडकी धरली. ढग खाली होते, पण पुल्हेलीच्या अलीकडे थोडे उचलले आणि तो डोंगर दिसला, एकटा, गोल माथ्याचा. मोबाइलमध्ये मॅड्रिन स्ट्रीटच्या पाटीचा फोटो होता, तो काढून मी खिडकीच्या काचेला लावला आणि दोन्ही एकत्र येतील असा दुसरा फोटो भाचीच्या फोनवर पाठवायला म्हणून शेजारच्या मुलाकडून काढून घेतला.